योग्य वेळ म्हणजे किती वाजता?

या खेपेचं पत्र एका बाईंचं आहे. तिशीच्या आतबाहेर वय, विद्यापीठाच्या एका भाषा विभागात लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवतात. विद्यापीठ गोव्यातलं की घाटावरचं ते मी सांगणार नाही, आणि दोन-तीन तपशील मुद्दाम फिरवलेत, तेव्हा कोण असेल बरं हे शोधत बसू नका. पत्र बरंच लांब होतं, कामाचं तेवढं देतो.

"काका, सा. न. वि. वि. आमच्या विभागात सध्या सगळंच हललंय. आमचे विभागप्रमुख, म्हणजे एचओडी सर, मे अखेर रिटायर होतायत, दोन जागा आधीच रिकाम्या आहेत. आमचा आणि अजून दोन विभाग मिळून एक स्कूल करणार असं मिटिंगमध्ये सांगितलं पण कागद काही आला नाही. बिल्डिंग गळते म्हणून पावसाआधी दुसऱ्या ब्लॉकमध्ये हलायचंय. एमए एक वर्षाचं की दोन वर्षांचं यावरून रोज दहा फोन. सर ज्यांचे गाईड आहेत ती पीएचडीची मुलं तर रडकुंडीला आलीत. आता सरांनी मला सांगितलंय, विद्यार्थी, माजी विद्यार्थी, पालक सगळ्यांसाठी विभागाचं एक अपडेट लिही, दोन पानं, छान लिही, फोटो टाक, निगेटिव्ह काही नको. जागांचं काय लिहू विचारलं तर म्हणाले, योग्य वेळी कळवण्यात येईल असं लिही. काका, माझ्याच्याने ते लिहवत नाही. आणि खरं लिहिलं तर जूनमध्ये मला पुन्हा नेमणुकीची ऑर्डर मिळेल का ही पण भीती आहे. पुढच्या वर्षी मी स्वतः तिथे असेन की नाही तेच ठाऊक नाही, तर विभागाबद्दल काय लिहू?"

बाय,

तुझं पत्र वाचताना "योग्य वेळी कळवण्यात येईल" या ओळीला मला हसू आलं, राग मानू नको. हे वाक्य मी किती वेळा टाईप केलंय त्याची गणती नाही. मी १९८३ साली एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो आणि २०२२ ला हेड क्लार्क म्हणून बाहेर पडलो, मधली एकोणचाळीस वर्षं नोटीस बोर्डच्या काचेची चावी माझ्या खिशात होती. प्रोफेसर लोक नोटीस लिहून मोकळे होतात, ती वाचून मुलांची तोंडं कशी होतात ते खिडकीतून क्लार्कच बघतो. म्हणून तुला सल्ला द्यायला मी अगदीच नालायक नाही असं धरून चाल.

१९८५ ची गोष्ट. तोवर गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली, एमएला सुद्धा पणजीत मुंबई विद्यापीठाचंच केंद्र. त्या वर्षी जूनमध्ये गोवा विद्यापीठ झालं, आनंदाचीच गोष्ट होती, पेपरात रकानेच्या रकाने, पण मुलांना त्यातलं काही नको होतं, त्यांचा प्रश्न एकच, आमच्या डिग्रीवर नाव कुणाचं येणार, मुंबईचं की गोव्याचं, आणि मुंबईत नोकरीला गेलो तर गोव्याचं चालणार का. प्रिन्सिपॉलना विचारलं तर ते म्हणाले नोटीस लाव. मी लावली. विद्यार्थ्यांनी घाबरून जाऊ नये, योग्य वेळी कळवण्यात येईल. झालं! तोवर न घाबरलेली मुलंसुद्धा त्या दिवशी घाबरली. घाबरू नका असं कागदावर छापलंय म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी नक्की असणार, हे कुणालाही कळतं. वाळपईचा एक मुलगा होता, दर सोमवारी बसने यायचा, काचेसमोर उभा राहून तीच नोटीस वाचायचा आणि खिडकीशी येऊन विचारायचा, काही नवीन? चौथ्या की पाचव्या सोमवारी त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "सर, योग्य वेळ म्हणजे किती वाजता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर कुणाकडेच नव्हतं, आणि तेवढंच जरी त्या नोटिशीत लिहिलं असतं ना, की अजून ठरलेलं नाही, अमुक मिटिंगनंतर पंधरा तारखेला इथेच लावू, तर त्या पोराचे तीन सोमवार आणि बसभाडं वाचलं असतं. ती चूक माझ्याही खात्यावर आहे, सही प्रिन्सिपॉलची असली म्हणून काय झालं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात राजभाषा कोंकणी की मराठी यावरून भाषेचं आंदोलन पेटलं, रस्ते बंद, बसगाड्या बंद. (कोण बरोबर कोण चूक त्यात मी शिरत नाही, आमच्या ऑफिसात दोन्ही बाजूंचे लोक एकाच किटलीतला चहा पीत होते आणि भांडतही होते.) तेव्हा नोटीस लावून उपयोग नव्हता कारण वाचायला येणार कोण, पण खबरी मात्र बरोब्बर पोचत होत्या, कॉलेज महिनाभर बंद, परीक्षा रद्द, काय काय. तेव्हापासून मी एक धरून बसलोय की आपण जेवढी जागा मोकळी सोडतो तेवढी अफवा येऊन भरते, आणि अफवेवर जावक नंबर नसतो.

आता तुझ्या अपडेटकडे येतो. तुझे सर वाईट आहेत असं मला पत्रावरून वाटत नाही. तीस-पस्तीस वर्षं एका खोलीत काढलेला माणूस मे अखेर घरी बसणार, त्याला आपल्या शेवटच्या कागदावर गळकं छप्पर आणि रिकाम्या खुर्च्या नको असणार, मला पण नको होत्या. ही त्यांची गरज खरी आहे. गाईडचं काय, खोली कुठली, फी कधी, ही मुलांची गरज पण खरी आहे. गफलत एवढीच झालीय की दोन्ही गरजा एकाच दोन पानांत कोंबायला तुला सांगितलंय. म्हणून सरळ दोन कागद कर. एक सरांच्या निरोपाचा, त्यात फोटो टाक, सगळ्या जुन्या बॅचेस, सरांचा पहिला वर्ग, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, उज्ज्वल परंपरा वगैरे जे काय असेल ते सगळं मन भरून लिही, आणि त्यात कंजूषपणा करू नको. दुसरा कागद सूचनेचा, एक पान, फोटो नाही. सरांकडे जाताना आधी पहिला कागद घेऊन जा. तो त्यांना वाचू दे, डोळे पुसू देत, मग दुसरा पुढे कर. याला लबाडी म्हणायची तर म्हण, ऑफिसात आम्ही याला फाईल वर-खाली लावणं म्हणतो.

दुसरा कागद कसा लिहायचा? चवथीला, म्हणजे गणपतीत, केळीच्या पानावर वाढताना मीठ आधी वाढतात बघ, गोड नंतर येतं. तसंच इथे. मुलाला जे सगळ्यात जास्त टोचतंय ते पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे, नमस्कार-चमत्कार नको. आणि प्रत्येक मुद्द्यावर तीनच गोष्टी बघ, ठरलंय काय, ठरलं नाही काय, आणि पुढचं कधी व कुणाकडून कळणार. "लवकरच" हा शब्द दिसला की खोड आणि तिथे तारीख घाल. तारीख नसेल तर पुढचं अपडेट कधी देणार त्याची तरी तारीख असतेच, ती तर आपल्याच हातात.

आणि एक, तुला जे अधांतरी वाटतंय त्यातलं बरंच अधांतरी नाहीये, फक्त कुणी बसून वाचलेलं नाहीये. पीएचडीचं घे. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२ चे नियम आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की ज्यांच्या रिटायरमेंटला तीन वर्षांहून कमी उरलीत ते नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाहीत, पण आधी रजिस्टर झालेल्यांना ते रिटायर होईपर्यंत गाईड करू शकतात आणि त्यानंतर को-गाईड म्हणून राहू शकतात, वयाच्या सत्तरीपर्यंत. म्हणजे सर काही १ जूनला हवेत विरघळणार नाहीत! प्रश्न उरतो मुख्य गाईड कोण, आणि त्यालाही हिशेब आहे, प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार विद्यार्थी. तर उरलेल्या माणसांकडे किती जागा रिकाम्या आहेत ते एका कागदावर मांड, विभाग लहान असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. मुदतीचं पण तसंच, कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि री-रजिस्ट्रेशन करून अजून दोन, मुलींना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. तुमच्या विद्यापीठाचा ऑर्डिनन्स एकदा याच्याशी ताडून घे, सेक्शनमध्ये जाऊन विचार, फोनवर विचारू नको, फोनवर सगळे हो म्हणतात. मग ही चार वाक्यं अपडेटमध्ये टाकलीस की तुझी रडकुंडीला आलेली मुलं निदान त्या रात्री झोपतील.

एमएचा घोळ पण तसाच. तीन वर्षांची डिग्री घेऊन आलेल्याला एमए दोन वर्षांचं, चार वर्षांची ऑनर्स करून आलेल्याला एक वर्षाचं, नव्या शैक्षणिक धोरणात हिशेब हाच आहे. गोव्यात चार वर्षांची डिग्री २०२३-२४ ला सुरू झाली म्हणजे त्या पहिल्या बॅचचं चौथं वर्ष २०२७ मध्ये संपतं, एक वर्षवाली मुलं खऱ्या अर्थाने तेव्हा दारात येणार. आज जी पोरं दोन वर्षांच्या एमएला आहेत त्यांचं त्यात काही बदलत नाही, आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त फोन करत असणार, पैज लावतो. एक ओळ लिही, सध्या शिकत असलेल्यांना हा बदल लागू नाही. दहाचे तीन फोन होतील.

स्कूल होण्याबद्दल मी असं लिहिलं असतं, मिटिंगमध्ये असा विचार मांडला गेलाय, लेखी आदेश विभागाला आलेला नाही, आला की आम्ही प्रत लावू. बस. त्याच्या पुढे एक अक्षर नाही, चांगलं पण नाही आणि वाईट पण नाही. मुलांना भीती असते की विभागाचं नाव गेलं तर आपली डिग्री गेली, तर ते तेवढं समजावून सांग, डिग्री विद्यापीठ देतं, विभाग देत नाही, १९५६ च्या यूजीसी कायद्यातच तसं आहे. गोवा विद्यापीठात भाषांचे विभाग कोंकणी लेखक शणै गोंयबाब यांच्या नावाच्या स्कूलखाली आलेच की. पाटी बदलली म्हणून व्याकरण काही बदललं नाही. माजी विद्यार्थ्यांना वाईट वाटतं ते वेगळं, त्यांना वाटू दे, ते त्यांच्या तरुणपणाबद्दल असतं.

खोली हलवण्याचा मुद्दा तू पत्रात एका ओळीत उरकलायस, आणि मला विचारशील तर सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होणार आहे. आपला पाऊस तुला मी सांगायला नको, जूनच्या पहिल्या आठवड्यात जो सुरू होतो तो चवथीपर्यंत भिंतींना ओल. विभाग हलवताना पुस्तकं खोक्यांत भरतात, खोकी पॅसेजमध्ये ठेवतात, दोन दिवसांसाठी म्हणून, आणि ती दसऱ्यापर्यंत तिथेच असतात, खालच्या खोक्याला पाणी लागतं, मग वाळवी, कसर, विचारू नको. आमच्या कॉलेजात जुन्या मराठी नियतकालिकांच्या बांधीव फायली अशाच गेल्या, कुणी मुद्दाम केलं नाही, फक्त कपाटाची चावी कुणाकडे ते कुणालाच माहीत नव्हतं. तर अपडेटमध्ये लिही, विभागाची लायब्ररी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बंद, तोवर पुस्तकं हवी असतील तर या बाईंकडे या वेळेत. आणि मुलांची सबमिट केलेली डेझर्टेशन्स, इंटर्नलचे पेपर, गुणांचं रजिस्टर, हे खोक्यात जाऊच देऊ नको, यादी करून स्टीलच्या कपाटात, यादीवर दोघांच्या सह्या.

जागांबद्दल काय लिहू, हा तुझा खरा कळीचा प्रश्न. दोन जागा रिकाम्या आहेत हे मुलांना ठाऊक आहे, त्यांना खुर्च्या मोजता येतात. ते लपवून तू फक्त एवढंच सिद्ध करणार की बाकीचं पण काहीतरी लपवलेलं असणार. सरळ लिही: "विभागात सध्या दोन जागा रिकाम्या आहेत, मे अखेर तिसरी होईल. भरतीचा निर्णय विभागाच्या हातात नाही. पुढच्या सेमिस्टरला कोणता पेपर कोण शिकवणार ते अजून ठरलेलं नाही, ठरेल तेव्हा टाईमटेबलसोबत कळवू. तोवर सध्याचे कुठलेही वर्ग, इंटर्नल किंवा व्हायवा थांबणार नाहीत." यात निगेटिव्ह काय आहे सांग बघू? रडगाणं नाही, कुणावर बोट नाही, सरकारवर टोमणा नाही. टोमणा मारायचा मोह होईल, मला माहितीय, पण तो तुझ्या अपडेटमध्ये नको, तो माजी विद्यार्थी आपापले मारतीलच, त्यांना पगार तिथून येत नाही. फक्त शेवटचं वाक्य लिहायच्या आधी खात्री कर की ते खरं आहे, नाहीतर ते पण खोड.

आता तुझ्या ऑर्डरची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. लेक्चर बेसिसवाल्यांना दर जूनमध्ये कसं ताटकळत बसवतात ते मी ऑफिसातून बघितलंय, काही वेळा ती ताटकळवणारी फाईल माझ्याच टेबलावर होती. म्हणून सांगतो, हा कागद तुझ्या नावाने बाहेर जाता कामा नये. तू लिहायचा, सही एचओडींची. मसुद्यावर त्यांची इनिशियल आणि तारीख घे, विभागाच्या ईमेलवरून पाठव, जावक नंबर घाल, प्रत फाईलला लाव. तू लिहिणारी आहेस, बोलणारी नाही. सरांनी जागांची ओळ खोडली तर एकदा, एकदाच, शांतपणे सांग की सर, ही ओळ नसली तर मुलं मला विचारतील आणि मला तोंडी सांगावं लागेल, त्यापेक्षा तुमच्या शब्दांत लिहिलेलं बरं. यावर बरेच एचओडी मऊ होतात कारण तोंडी बोलण्याची त्यांना लेखीपेक्षा जास्त धास्ती असते. तरी पण खोडलीच, तर खोडू दे, कागद त्यांचा आहे. तू फक्त एक पाळ, त्या जागी खोटी ओळ स्वतःच्या हाताने लिहू नको. गप्प राहणं आणि खोटं लिहिणं यात फरक आहे, आणि तुझ्या पगारात तुला पहिलं परवडतं. "भरती अंतिम टप्प्यात आहे" वगैरे लिहायला सांगितलं तर म्हण, सर, ते वाक्य तुम्हीच घाला.

तुझं स्वतःचं, म्हणजे पुढच्या वर्षी तू असशील की नाही, ते अपडेटमध्ये मुळीच नको. तो तुझा आणि ऑफिसचा मामला. पण ज्यांची डेझर्टेशन्स तू बघतेस त्या चार-सहा मुलांना समोर बसवून सांग, माझी ऑर्डर अमुक महिन्यापर्यंत आहे, तोवर तुमचं इतकं इतकं काम संपवून घेऊ. त्यांना ते कळायचा हक्क आहे. आणि ऑफिसला आत्ताच लेखी अर्ज दे, ऑर्डरबद्दल विचारणा, तीन ओळी, पोच घे. उत्तर येईलच असं नाही, पण तू विचारलं होतंस हे कागदावर राहतं.

एक राहिलं. अपडेट एकदा पाठवून संपत नाही. २०२० च्या मार्चमध्ये, जनता कर्फ्यूनंतर आपल्याकडे किराणा दुकानंसुद्धा काही दिवस बंद होती आठवतंय, घरात कांदे मोजून वापरत होतो, आणि मुलांचे फोन चालू, परीक्षा होणार का, हॉस्टेलवर सामान राहिलंय, बोनाफाईड कसं मिळणार. आमच्याकडे एक बाई होत्या शिकवायला, त्यांनी ग्रुपवर रोज संध्याकाळी सात वाजता एक मेसेज टाकायचा असं ठरवलं. बहुतेक दिवशी त्यात एवढंच असायचं, "आज नवीन काही नाही. उद्या सातला." मी आधी हसलो होतो, की हे काय अपडेट? पण आठवड्याभरात त्यांच्या विभागाच्या मुलांचे फोन ऑफिसला यायचे बंद झाले, बाकीच्या विभागांचे चालूच. तुला रोज नको, पण दर पंधरा दिवसांनी, महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, नवीन काही असो नसो. सर गेल्यावर हे कोण करणार ते पण त्यांच्याकडूनच आत्ता ठरवून घे, नाहीतर १५ जूनला कुणीच काही पाठवणार नाही आणि सगळी मुलं तुलाच विचारतील, ऑर्डर असो वा नसो.

माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळी एक ओळ ठेव. ही मंडळी प्रेमळ असतात आणि त्यांना काहीतरी करायचं असतं, काम दिलं नाही तर पेपरात पत्र लिहितात. खोकी हलवायला कुठल्या शनिवारी किती माणसं लागणार, कुणाची पिकअप मिळेल का, जुन्या फायलींचे फोटो काढून ठेवायला कोण बसेल, असं नेमकं माग. "आपलं सहकार्य लाभावं" लिहिलंस तर फक्त अंगठे येतील.

मसुदा झाला की मला पाठव, लाल पेन अजून आहे माझ्याकडे. पण त्याच्याही आधी, उद्याच्या उद्या सरांना विचार, लायब्ररीच्या कपाटाची चावी कुणाकडे आहे.